खरं बोलून मारलेली भांजी

हेमराज निमजे चहा आधी बशीत ओततात, फुंकतात, आणि परत कपात ओतून पितात.

दुकानाचं शटर अर्धंच वर करतात. पूर्ण उघडलं की लोक नुसते बसायला येतात, म्हणतात. वाकून आत आलेल्याला मात्र तासभर उठू देत नाहीत.

कापड मोजून झालं की चार बोटं जास्त सोडतात, आणि ती चार बोटं गिऱ्हाइकाला दोनदा दाखवतात.

रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला हात करतात. अनोळखी माणूस थांबलाच, तर त्यालाच विचारतात, "कोन बावा तुमी?"

जिवंत माणसाचं वय दोन वर्षं कमी सांगतात, मेलेल्याचं दोन वर्षं जास्त. दोन्ही घरांना बरं वाटतं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून "अर्धं गिऱ्हाईक दुसऱ्या जिल्ह्यात गेलं" अशी त्यांची तक्रार आहे. गिऱ्हाईक पूर्वीच्याच बसने येतं आणि पूर्वीच्याच बसने जातं. तक्रार चालू आहे.

आणि लग्नाच्या मुलाबद्दल कुणी विचारलं की एकच उत्तर देत. "सोनं आहे, बावा."

यातली ही शेवटची सवय सुटली. ती गल्लीतल्या चंदननेच सोडवली, आणि भोगलीही त्यानेच.

मोहाडीत मुलगी द्यायची म्हणजे आधी चौकशी. चौकशीला आलेला माणूस चौकशीला आलो असं कधी म्हणत नाही. तो टॉवेल घ्यायला येतो. हेमराजांचं, म्हणजे गल्लीच्या काकाजींचं, हातमागाच्या कापडाचं दुकान बसथांब्याजवळ, गल्लीच्या तोंडाशी. त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही मुलाचं स्थळ निघालं की त्यांचा एक टॉवेल खपायचा. पाहुणा टॉवेल उलटापालटा करायचा, रंग जाईल का विचारायचा, आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणायचा, "अजी, ते तुमच्या गल्लीतले अमुक. कसे माणसं आहेत?"

"सोनं आहे, बावा."

काकाजींनी सगळ्यांनाच सोनं केलं होतं. एक मुलगा स्वतःच्या हळदीच्या दिवशी रायपूरला पळून गेला, तेव्हा मुलीचा बाप दुकानात येऊन ओरडला. काकाजी शांतपणे म्हणाले, "मी सोनं म्हटलं होतं. जागेवर राहीन असं म्हटलं होतं का?"

पण आपल्या तोंडून एकही लग्न मोडलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. जुळत आलेलं लग्न कुणी कान भरून मोडलं तर त्याला भांजी मारणं म्हणतात. भांजी मारणाऱ्याच्या घरचं पाणी लोक पितात, पण घोट गिळताना त्याच्याकडे बघत नाहीत. "मी सारं केलं," काकाजी म्हणत, "पर भांजी नाही मारली."

चंदन त्याच गल्लीतला. मराठी साहित्यात एम.ए. तालुक्याबाहेरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. जितके तास, तितका पगार. त्या वर्षी तत्त्वज्ञानाचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि त्यांचे तास चंदनच्या अंगावर आले. "साहित्यवाल्याला काय, कशावरही बोलता येतं," असं प्राचार्य म्हणाले. चंदनला प्राचीन ग्रीकांविषयी इतकंच माहीत होतं की ते चादर गुंडाळून फिरत. घरी भावाची मुलं गोंधळ घालायची, म्हणून तो पुस्तक घेऊन काकाजींच्या दुकानात मागच्या खोलीत बसू लागला. तिथे बंद पडलेला एक माग होता. त्याच्या पाटावर बसायला जागा होती आणि वर पंखा होता.

"काय वाचून राहिला, बाबू?"

"ग्रीक तत्त्वज्ञान, काकाजी."

"कायचं आहे त्याच्यात?"

"चांगलं जगणं म्हणजे काय, त्याचं."

काकाजींनी कात्री खाली ठेवली. "मंग मोठ्यानं वाच ना. एकटाच कायले जगतं चांगला?"

तिथून सुरू झालं. चंदन दुसऱ्या दिवशीचा तास आदल्या दिवशी काकाजींवर घेऊन बघायचा. सांगायचा, की तिथल्या एका तत्त्वज्ञाच्या मते सुख म्हणजे मजा नव्हे, पैसा नव्हे, मान नव्हे. माणसाचं अख्खं आयुष्य नीट फुलून येणं म्हणजे सुख. धानाचं पीक भरात येतं तसं. आणि त्यासाठी अंगी सद्गुण लागतात. सद्गुण जन्मतः मिळत नाहीत. विणून विणून माणूस विणकर होतो, तसं धीटपणे वागून वागून धीट होतो, न्यायाने वागून वागून न्यायी.

"म्हंजे पहिले खोटं खोटं चांगलं वागाचं," काकाजी म्हणाले.

"खोटं खोटं नाही. सराव करायचा."

"तेच मी म्हणून राहिलो."

आणखी एक गोष्ट काकाजींना अतिशय पटली. प्रत्येक सद्गुण दोन टोकांच्या मधे असतो. एका बाजूला भित्रेपणा, दुसऱ्या बाजूला आंधळी मर्दुमकी, मधे धैर्य. एका बाजूला कंजुषी, दुसऱ्या बाजूला उधळपट्टी, मधे औदार्य.  मग त्यांनी अंमल सुरू केला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना अर्धा कप चहा आला. भिकाऱ्याला अर्धी पोळी गेली. शेजाऱ्याशी भांडण निघालं, ते काकाजींनी अर्ध्यावर थांबवलं आणि "बाकीचं राहू दे" म्हणून आत आले. शेजारी दिवसभर दारात उभा होता, उरलेल्या भांडणाची वाट बघत.

शकुनबाई, म्हणजे काकी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "चंदनबाबू, तुमच्या त्या ग्रीसवाल्याले बायको होती का?"

"होती, काकी."

"तिनं कसे दिवस काढले असतीन!"

चंदनने काकाजींना समजावलं. मधलं म्हणजे निम्मं नव्हे. योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य तेवढं.

"अन् योग्य तेवढं म्हंजे केवढं, हे कोन ठरवते?"

"शहाणा, अनुभवी माणूस."

"मोहाडीत कोन आहे तसा?"

दोघांनी तहसीलपासून देवळापर्यंतची नावं काढली. एकेक नाव गळत गेलं. शेवटी काकाजी म्हणाले, "मंग मलेच पाहा लागन."

त्यानंतर सत्याचा पाठ आला, आणि तो महागात पडला. चंदन म्हणाला, स्वतःबद्दल वाढवून सांगणं हे एक टोक. कमी करून सांगणं हे दुसरं. जेवढं आहे तेवढं सांगणं हे मधलं. काकाजी म्हणाले, "म्हंजे सोनं म्हणणं बंद." आणि त्यांनी खरोखरच बंद केलं.

दुकानात हाहाकार उडाला. एक बाई लाल लुगडं घेऊन म्हणाली, "रंग जाईन का जी?" काकाजी म्हणाले, "जाईन. पयल्या धुण्यात थोडा, दुसऱ्यात राहिलेला." बाईने लुगडं खाली ठेवलं. मग परत उचललं. म्हणाली, "बाकीचे दुकानवाले नाही जाईन म्हणतात, अन् जाते. तुमचं निदान सांगून त जाईन." आणि घेऊन गेली. काकाजींनी चंदनकडे असं पाहिलं, जणू ग्रीसची आणि मोहाडीची सोयरीक त्यांनीच जुळवली होती.

चंदनही खूश होता. कॉलेजात त्याचे विद्यार्थी मागच्या बाकावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचे. इथे एक जण ऐकून लगेच वागत होता.

त्याच सुमारास चंदनला सिहोऱ्याचं स्थळ आलं.

मुलीचं नाव मोनिका. वडील ताराचंद, धानाची शेती आणि धानाचाच व्यापार. चंदन चहापोह्याला गेला आणि परत आला तो वेगळाच होऊन आला. मोनिकाने त्याला एकच प्रश्न विचारला होता. "तुम्ही वाचलेलं पुस्तक परत कपाटात ठेवता का?" तो "हो" म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकू आला की नाही, हे त्याला कळलं नाही. ती हसली मात्र. त्या हसण्यावर तो पंधरवडाभर जेवला.

पण एक गोम होती. चंदनचे वडील नंदलालजी यांनी मध्यस्थाला सांगून टाकलं होतं, की मुलगा प्रोफेसर आहे, पर्मनंट. चंदन तेव्हा समोरच बसला होता. तो चपलेचा अंगठा नीट करत राहिला.

आता चौकशी होणार. चौकशी म्हणजे टॉवेल. टॉवेल म्हणजे काकाजी.

चंदन धावतच दुकानात गेला. शटरखाली वाकायचं विसरला आणि कपाळ आपटून आत आला.

"काकाजी, सराव थोडे दिवस थांबवा."

"कायचा?"

"सत्याचा. सिहोऱ्याचे लोक येणार आहेत. एकदाच सोनं म्हणा. मग जन्मभर खरं बोला."

काकाजींना वाईट वाटलं. ते खरोखर विचारात पडले. "बाबू, तूच म्हणाला होता, सवय मोडली का पयल्यापासून सुरू करा लागते. गुनाले काय दिवाळीची सुट्टी असते का?"

"माझं लग्न आहे हो."

"म्हून त सांगून राहिलो. मी तुया भल्याचंच बोलीन. तूच वाचून दाखवलं ना, खरा मित्र दुसऱ्याचं भलं पाहाते म्हून?"

"तेच तर! माझं भलं बघा ना!"

"पाहीन ना. मधलं बोलीन. ना जास्त, ना कमी."

आतून काकी म्हणाल्या, "चंदनबाबू, हे मधलं बोलले का मांडव उठला समजा."

चंदनने सिहोऱ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर नजर ठेवली. पाहुणे आले तेव्हा तो दुकानातच होता. त्याला मागच्या खोलीत पळायला जेमतेम वेळ मिळाला. टांगलेल्या लुगड्यांच्या मागे तो मागाला चिकटून उभा राहिला. ताराचंदजी आणि मोनिकाचे मामा जागेश्वर, दोघं वाकून आत आले. मामांनी टॉवेल मागितला. उलटापालटा केला.

"रंग जाईन का?"

"जाईन," काकाजी म्हणाले.

मामा चपापले. मग सहज आठवल्यासारखे बोलले. "अजी, ते गल्लीतले नंदलालजी. कसे माणसं आहेत?"

"चांगला आहे नंदलाल. बोलते त्यातलं निम्मं धराचं."

"अन् पोरगा? प्रोफेसर आहे म्हणतात."

 चंदन लुगड्यामागून ऐकत होता. अजून वेळ होती. एकच तर शब्द होता. सोनं.

काकाजींनी चष्मा पुसला. योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य तेवढं. ते शोधत होते.

"पोरगा वाईट नाही," ते म्हणाले.

चंदनने डोळे मिटले. मोहाडीच्या चौकशीत 'वाईट नाही' हे जेलमधून सुटून आलेल्याबद्दल म्हणतात.

"सकाळी लवकर उठत नाही," काकाजी पुढे निघाले. "गाय दिसली का बाजूनं जाते. भेते. पुस्तकं लय वाचते, पर परत ठेवत नाही, जिथं वाचलं तिथंच टाकते. दारू पेत नाही. एकडाव करडीच्या मंडईत, जत्रेतल्या नाटकाले, दोस्तायनं पाजली होती, त बसून रडला. नाटकातल्या विधवेसाठी. मायले मान देते. खोटं बोलते कधीमधी, पर बोलताना आवाज बारीक होते, म्हून सापडते."

"अन् नोकरी?" ताराचंदजींनी विचारलं.

"शिकवते चांगला. मले शिकवलं त्यानं. पर नोकरी पर्मनंट नाही. तासावर आहे."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मामांनी आणखी एक टॉवेल घेतला, न मागता. मग दोघं मोटारसायकलवर बसून निघून गेले. काकाजींनी सवयीने हात केला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

चंदन बाहेर आला. त्याच्या डोक्यावर एक लुगडं राहिलं होतं.

"संपलं," तो म्हणाला.

"काहून? चांगलंही सांगितलं ना तुयं."

"कोणतं चांगलं?"

"रडला म्हून सांगितलं ना."

चंदनने डोक्यावरचं लुगडं काढून घडी न घालता ठेवलं आणि घरी गेला. सिहोरा त्याला आता समुद्रापलीकडे गेल्यासारखं वाटलं.

आठवडा गेला असेल नसेल, नंदलालजींच्या घरी पेढे आले. सिहोऱ्याने होकार दिला होता.

चंदन पेढा हातात धरून बसला. त्याला काही कळेना. मामा जागेश्वर स्वतः आले होते आणि ते नंदलालजींना जोरजोरात समजावत होते.

"तो कोपऱ्यावरचा कापडवाला तुमचा दुश्मन आहे का जी?"

"हेमराज? नाही! काहून?"

"गजबची भांजी मारली त्यानं! आमी घरी बसून विचार केला. ज्याले भांजीच माराची आहे, तो पोराचं सारं खोदून काढीन का नाही? अन् याले सापडलं काय? पोरगा गाईले भेते! पुस्तक जागेवर ठेवत नाही! दारू पिऊन रडते! दुश्मनाले जर एवढंच सापडलं, त पोरगा सोनं आहे ना जी!"

नंदलालजी खुर्चीतून अर्धे उठले. "नोकरीचं काय म्हणाला तो?"

"पर्मनंट नाही म्हणे! पाहा बरं, किती खोटं बोलाचं माणसानं!"

मामा पोट धरून हसले. नंदलालजीही हसले. त्यांचं हसू जरा उशिरा सुरू झालं आणि जरा जास्त वेळ चाललं. चंदनने पेढा न खाता ताटात ठेवला.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. नंदलालजींनीच केली. हेमराजने भांजी मारली. सख्ख्या शेजाऱ्याच्या पोराची. दुकानावरून जाणाऱ्यांनी आता उलट हात करणं बंद केलं. पुढच्या स्थळाचे पाहुणे आले ते टॉवेल घ्यायला बाजारातल्या दुसऱ्या दुकानात गेले. काकी पाण्याला गेल्या तर बायकांचं बोलणं नळासारखं बंद झालं. परत येऊन त्यांनी हंडा आदळला. "आता अर्धं नाही, सारंच गिऱ्हाईक दुसऱ्या जिल्ह्यात गेलं म्हणा."

काकाजी चहा बशीत ओतायचे आणि तसाच ठेवायचे.

चंदनला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मोनिका मिळत होती. तो दोन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी वाकून आत गेला.

काकाजी रागावलेले नव्हते. ते गोंधळलेले होते. "बाबू, एक सांग. जन्मभर खोटं बोललो त लोकं चांगला म्हणत. एकडाव खरं बोललो त भांजीमार झालो. तुया ग्रीसवाल्याच्या हिशोबात हे कुठं बसते?"

"सद्गुण लोकांच्या कौतुकासाठी नसतो, काकाजी. तो असणं हेच त्याचं फळ."

हे वाक्य वर्गात चांगलं वाजलं होतं. इथे ते बाहेर पडलं आणि टॉवेलांच्या ढिगावर जाऊन पडलं.

काकाजी म्हणाले, "लोकायनं भांजीमार म्हटलं त म्हणो, मी सोसून घेईन. पर ते पोरगी? ते त पर्मनंटवाल्यासोबत लगन करून राहिली. तू पर्मनंट नाही. मंग ते कोनासोबत लगन करून राहिली?"

चंदन टॉवेलांचा ढीग सरळ करू लागला.

"तू सांगशीन ना तिले?"

"सांगतो ना," चंदन म्हणाला.

आतून काकींचा आवाज आला. "बारीक झाला, बारीक झाला!"

दोघं सिहोऱ्याला निघाले ते काकाजींच्या जुन्या स्कूटरवर. वाटेत चंदन मागे बसून वाक्यं जुळवत होता. 'मला आपल्याला एक निवेदन करायचं आहे.' खोडलं. 'एक गैरसमज झाला आहे.' तेही खोडलं. काकाजी वाऱ्यात ओरडून धैर्याचा पाठ त्यालाच ऐकवत होते. "भेलं तरी चालते! भेऊन पळलं का टोक! न भेता धावलं का दुसरं टोक! भेतभेत गेलं का मधलं!" रस्त्यात गाय आडवी बसली होती. काकाजींनी स्कूटर थांबवली. चंदन उतरला, लांबून वळसा घालून पलीकडे गेला, आणि परत बसला. 

ठरलं असं, की काकाजी बाहेर थांबतील. ताराचंदजींच्या अंगणात नव्या धानाचे ढीग पडले होते. ताराचंदजी आणि मामा खाटेवर बसले होते. होणारा जावई असा न सांगता आलेला बघून दोघं उभे राहिले. चंदन जुळवलेली सगळी वाक्यं विसरला.

"मी पर्मनंट नाही," तो म्हणाला. "तासिका तत्त्वावर आहे. बाबा खोटं बोलले. मी तिथेच होतो, मी गप्प बसलो."

ताराचंदजींचा चेहरा हळूहळू कडक झाला. पण राग चंदनवर नव्हता. "त्या कापडवाल्यानं तुमाले धमकावलं का जी?"

"नाही. ते खरंच बोलले होते."

"तुमालेही पढवलं त्यानं!" मामा म्हणाले. एवढ्यात त्यांना फाटकाबाहेर स्कूटरवर बसलेला, चष्मा पुसणारा माणूस दिसला. "हा पाहा, भाऊजी! सोबतच आला! घरापर्यंत आला भांजी माराले!" मामांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

"मामा, ठेवा ते," मोनिका म्हणाली.

ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. "खरं आहे ते. मले पयल्यापासून माहीत आहे."

"तुले कसं माहीत?"

"बाबा, पर्मनंट प्रोफेसर असते त त्यांच्या घरच्यांनी काय मागितलं असतं?"

ताराचंदजी थांबले. "फोर व्हीलर."

"अन् यांनी काय मागितलं?"

"काहीच नाही."

"कूलरही नाही मागितला! मंग?"

मामांची काठी खाली आली. अंगणात सगळे जण हा हिशेब आपापल्या मनात करू लागले. तो चुकत नव्हता. चंदनला आपल्या वडिलांबद्दल प्रथमच काहीतरी चांगलं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

"माहीत होतं त हो काहून म्हटलं?" ताराचंदजींनी विचारलं.

मोनिकाने तांब्या चंदनच्या हातात दिला, पण बोलली वडिलांशी. "तुमीच तिथून येऊन हसत सांगितलं ना, खोटं बोलते त आवाज बारीक होते म्हून? ते मीही ऐकलं होतं, चहापोह्याच्या दिवशी. असा नवरा सोपा असते. अन् गाईचं मी पाहीन."

चंदनने पाणी पिताना अर्धं अंगावर सांडलं.

ताराचंदजींनी मामांच्या हातातली काठी घेऊन परत कोपऱ्यात ठेवली. मग फाटकाकडे गेले. काकाजी स्कूटरवरून उतरले. पळावं की थांबावं यातलं मधलं काय, ते शोधत असावेत. ते किंचित वाकून उभे होते.

"म्हंजे तुमी भांजी नव्हती मारली?"

"नाही जी."

"मंग काय करून राहिले होते?"

"सराव," काकाजी म्हणाले.

ताराचंदजी हसले नाहीत. "माया पोरीच्या बाबतीत आजवर कोनीच खरं बोललं नाही. माया व्याही खोटं बोलला. मीही माया पोरीले स्वयंपाक येते म्हून सांगितलं आहे, तेही तसंच आहे. लगन होईन. पर एक अट आहे. मांडवात एक मंगलाष्टक तुमी म्हणाचं. तुमीच रचाचं. अन् त्याच्यात एक शब्द खोटा नको."

हा दंड होता की मान, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. काकाजींनी तो मान धरला. नंदलालजींना ही अट कळली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माया उल्लेख नको."

आपल्याकडे मंगलाष्टक म्हणजे काय असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. नवरा रामचंद्र होतो, नवरी लक्ष्मी, सासरा कीर्तीचा सागर, आणि गावाला त्या दिवसापुरती नदी फुटते. काकाजींना यातलं काही घेता येईना. ते महिनाभर अर्ध्या शटरखाली बसून बोटांवर मात्रा मोजत होते. चंदन चाल आणि वृत्त बघून देत होता. मजकुरात हात घालायची त्याला बंदी होती.

लग्नाच्या दिवशी सिहोऱ्याच्या मांडवात भटजींची मंगलाष्टकं झाल्यावर काकाजी माइकसमोर उभे राहिले. आंतरपाटाच्या एका बाजूला चंदन, दुसऱ्या बाजूला मोनिका. गल्लीतले सगळे मुठीत अक्षता घेऊन पुढे सरकले. भांजीमार काय म्हणतो ते त्यांना ऐकायचं होतं. काकाजींनी कागद लांब धरला आणि सूर लावला.

*आला चंदन मंडपात नवरा होऊन थाटात तो,*
*गाईला बघता जपून सरके बाजूस वेगात तो,*
*खोटे बोलत तो असेल, बदले आवाज त्याचाच हो*

मांडव हसून फुटला. आंतरपाट हलू लागला, कारण पलीकडून मोनिका हसत होती. मग सगळे चौथ्या ओळीसाठी थांबले. तिथे आशीर्वाद येतो. दोघं सुखी होतील, नांदतील, असं काहीतरी.

काकाजी थांबले होते. कागदाकडे बघत होते. हशा ओसरला, कुणीतरी खोकलं, तरी ते थांबलेलेच.

"म्हणा ना जी," भटजी पुटपुटले. "मुहूर्त चालला."

काकाजी माइकवर हात ठेवायचं विसरले, म्हणून पुढचं सगळ्या मांडवाने ऐकलं. "हे दोघं सुखी होतीन असं म्हणा लागते. पर ते मले आत्ताच कसं माहीत? यानंच वाचून दाखवलं होतं. माणूस सुखी झाला का नाही, हे एका दिवसावरून सांगता येत नाही. पूर्ण जिंदगी पाहा लागते. अन् खोटं न बोलाची अट आहे."

भटजींनी कपाळाला हात लावला. ताराचंदजींनी मान हलवली. हलवली ती होकारार्थी. काकाजींनी चौथी ओळ सोडून दिली आणि थेट शेवटावर आले, "कुर्यात् सदा मंगलम्." कुणी अक्षता टाकल्या, कुणी राखून ठेवल्या, आणि आंतरपाट पडला.

चंदन आणि मोनिका आता तुमसरला भाड्याच्या घरात राहतात. तो अजून तासावरच आहे. ती शिकवणी घेते. गल्लीतले लोक काकाजींकडे पुन्हा चौकशीला येऊ लागलेत, फक्त आता त्यांच्याकडे येताना घाबरून येतात. काकाजी दर दोन-तीन महिन्यांनी स्कूटरवर तुमसरला जातात. खुर्चीत बसतात. दोघांकडे आळीपाळीने बघतात. कधी त्यांचं भांडण चालू असतं, तर ते पूर्ण होऊ देतात. कधी दोघं एका ताटातून पोपटीच्या शेंगा सोलत असतात, तर तेही बघतात.

"ओळ झाली का, काकाजी?" मोनिका विचारते.

"नाही वं. पाहून राहिलो."

मग ते खिशातून तो कागद काढतात, चष्म्याजवळ नेतात, आणि परत घडी घालतात. कागदावर तीन ओळी आहेत. चौथीत "संसारात" एवढा एकच शब्द आहे, मग बोटभर कोरी जागा, आणि तिच्या पलीकडे, आधीच लिहून ठेवलेलं, कुर्यात् सदा मंगलम्.